मुलांचे वाचन : बोधाकडून आनंदाकडे

“अभ्यास सोडून पुस्तक काय वाचत बसलास?” हे वाक्य आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी ऐकले असेल, आणि मोठेपणी आपणच आपल्या मुलांना ऐकवलेही असेल. या वाक्यात एक मौज आहे, पहा. अभ्यास करायचा तो पुस्तकातूनच. मग पुस्तक वाचणारा मुलगा अभ्यास सोडून बसला, असे आपण का म्हणतो? कारण आपल्या मनात पुस्तकांच्या दोन जाती आहेत. एक परीक्षेचे पुस्तक आणि दुसरे नुसते गोडीने वाचायचे. पहिल्याला आपण ‘अभ्यास’ म्हणतो, दुसऱ्याला ‘अवांतर वाचन’. अवांतर म्हणजे मुख्य नव्हे ते, बाजूचे. शब्दच असा निवडला आहे की मुलाने ओळखावे, हे काम फावल्या वेळचे आहे आणि थोडे चोरूनच करायचे आहे.

श्रोतेहो, मुलांनी आनंदासाठी वाचावे हा विचार आपल्या मराठी मुलखात काल-परवा आलेला नाही. त्याला जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो आज सांगायचे कारण असे की आपण या वाटेवर मध्येच थांबलो आहोत. या इतिहासात तीन प्रश्न एकापाठोपाठ एक पुढे आले. पहिला, मुलासाठी पुस्तक आहे का? दुसरा, असलेले पुस्तक मुलापर्यंत पोहोचते का? आणि तिसरा, पोहोचलेले पुस्तक त्याला मोकळेपणाने वाचू दिले जाते का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आपल्या वाडवडिलांनी पुष्कळशी देऊन ठेवली आहेत. तिसरा प्रश्न मात्र अजून आपल्या दारात उभा आहे.

मुलांसाठी गोष्ट होती हे तर सांगायलाच नको. कावळ्याचे घर शेणाचे होते ही गोष्ट घरोघरच्या आज्यांनी सांगितली आहे. ही गोष्ट तेराव्या शतकाच्या अखेरीस तयार झालेल्या ‘लीळाचरित्रा’त सापडते, फरक एवढाच की तिथे चिमणीऐवजी साळई आहे. म्हणजे सातशे वर्षे ती मराठी मुलांच्या कानांवर पडत आली. पण गोष्ट कानाने ऐकायची होती, डोळ्यांनी वाचायची नव्हती. पंतोजींच्या शाळेत धुळपाटीवर अक्षरे गिरवायची, पावकी-निमकी घोकायची, मोडी वळण घटवायचे, एवढाच क्रम. मुलाच्या हाती द्यावे असे पुस्तक त्या शाळेत नव्हतेच.

छापील पुस्तक आले ते आधी महाराष्ट्राबाहेर. तंजावरला सरफोजीराजे भोसल्यांच्या छापखान्यात १८०६ च्या सुमारास इसापाच्या गोष्टींचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने छापले गेले. पुढे बंगालमध्ये श्रीरामपूरला वैजनाथशास्त्री यांनी १८१४-१५ या काळात ‘सिंहासनबत्तिशी’, ‘पंचतंत्र’ आणि ‘हितोपदेश’ मराठीत आणले. पण श्रीरामपूरची ही पुस्तके मराठी मुलांसाठी नव्हती. नव्याने आलेल्या साहेब लोकांना मराठी शिकता यावे म्हणून ती छापली होती. गोष्टी आपल्या, भाषा आपली, आणि वाचक मात्र परका, असा तो प्रकार.

मुंबई इलाख्यात हे चित्र बदलले ते एल्फिन्स्टनसाहेबांच्या कारकिर्दीत. १८२२ मध्ये शाळा आणि शालेय पुस्तके यांसाठी मुंबईत एक मंडळी स्थापन झाली. तिचे काम पाहणारे सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांनी १८२८ च्या सुमारास ‘इसपनीतिकथा’ आणि ‘बाळमित्र’ ही पुस्तके मराठीत आणली. ‘बाळमित्रा’चे मूळ फ्रेंच आहे. आर्नो बेर्कें नावाच्या लेखकाने १७८२-८३ मध्ये मुलांसाठी गोष्टींची एक माला काढली होती. ती इंग्रजीत आली आणि इंग्रजीतून बापूंनी मराठीत आणली. पॅरिसमधल्या मुलांसाठी लिहिलेली गोष्ट पन्नास वर्षांच्या आत मुंबईच्या मुलांच्या हाती पडली, ही त्या काळच्या मानाने लहान गोष्ट नव्हे.

पण या पुस्तकांचा सूर बोधाचा होता. चांगला मुलगा, वाईट मुलगा, शेवटी एकाला बक्षीस आणि दुसऱ्याला पश्चात्ताप. आपण त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. गद्य मराठी अजून छापखान्यात रांगत होती आणि मुलांशी तिने कसे बोलावे हे कोणी ठरवलेले नव्हते. बापू छत्र्यांनी सोपी, सरळ वाक्ये लिहिण्याचा पायंडा पाडला, हे त्यांचे ऋण मोठे आहे. मात्र त्याबरोबर एक समजूतही रुजली. ती अशी की गोष्ट म्हणजे औषधाच्या पुडीवरचा मध. मुलाने मध चाटावा, पण काम औषधाने करायचे.

या समजुतीला पहिला धक्का मुलांनीच दिला. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेले अरबी भाषेतील सुरस गोष्टींचे भाषांतर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाहेर पडले. ते मुलांसाठी लिहिलेले नव्हते. पण उडता गालिचा आणि बाटलीतला राक्षस यांचा पत्ता मुलांना कोणी सांगावा लागत नाही. वडीलमाणसांचे पुस्तक मुलांनी पळवले. वाचनाच्या इतिहासात हे वारंवार घडते. आपण मुलांसाठी जे मांडून ठेवतो ते बाजूला राहते आणि मुले आपल्याला हवे ते फडताळातून शोधून काढतात.

१८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओक यांनी ‘बालबोध’ हे मासिक सुरू केले. निर्णयसागर छापखान्याने ते प्रसिद्ध केले. ओक शिक्षणखात्यात नोकरी केलेले गृहस्थ. मुलांना काय कळते आणि काय कळत नाही याचा अंदाज त्यांना होता. थोरांची चरित्रे, कविता, निबंध, सृष्टिविज्ञानाची माहिती असा मजकूर ते देत. १९१४ मध्ये त्यांचे निधन झाले, तोपर्यंत म्हणजे सुमारे ३३ वर्षे त्यांनी हे मासिक चालवले. महिन्याच्या महिन्याला मुलांच्या नावाने काहीतरी येते, त्याची वाट पाहावी, ही सवय मराठी घरांना लावण्यात ‘बालबोधा’चा वाटा मोठा आहे.

मग १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांनी मुलांसाठी दुसरे मासिक काढले. त्याचे नाव होते ‘आनंद’. ‘बालबोध’ आणि ‘आनंद’ : ही दोन नावे शेजारी ठेवून पहा. २५ वर्षांत मराठी विचार किती पुढे सरकला ते या नावांतच दिसते. मुलाच्या हाती पुस्तक द्यायचे ते त्याला आनंद व्हावा म्हणून, असे मुखपृष्ठावर लिहायला संपादक आता संकोचत नव्हता. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते. मुलासाठी पुस्तक होते, आणि तेही मुलाच्या बाजूचे.

आता दुसरा प्रश्न. पुस्तक मुंबई-पुण्यात छापले; खेड्यातल्या मुलाचे काय? या प्रश्नाचे सर्वांत धाडसी उत्तर बडोदे संस्थानात दिले गेले. सयाजीराव गायकवाडांनी आधी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि मग १९०६ मध्ये सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. पण महाराजांची नजर त्याच्या पुढे गेली. शाळेत चार वर्षे अक्षर शिकलेला मुलगा घरी गेला आणि त्याच्या हाती वाचायला काहीच पडले नाही, तर ते अक्षर किती दिवस टिकणार? पेरणी केली आणि पाणी दिले नाही, तर पीक कोठून येणार? शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

महाराजांनी १९०६ च्या अमेरिकेच्या प्रवासात तिथली सार्वजनिक ग्रंथालये पाहिली. १९१० मध्ये त्यांनी विल्यम ॲलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्यास आणले. बोर्डनसाहेब १९१३ पर्यंत इथे होते. एवढ्या अवधीत त्यांनी राजधानीतल्या मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली, ग्रंथपालांना शिकवण्याचा वर्ग सुरू केला आणि गावोगाव ग्रंथालये उभी राहतील अशी योजना आखली. गावाने आपल्या वाट्याची रक्कम उभी केली की तेवढीच सरकार देई आणि तेवढीच स्थानिक पंचायत. म्हणजे तिघांनी मिळून एक ग्रंथालय. फुकट दिलेल्या वस्तूची किंमत राहत नाही आणि सगळाच भार गावावर टाकला तर गाव उठत नाही, हे दोन्ही त्या योजनेने ओळखले होते.

आणि जिथे ग्रंथालय नव्हते तिथे लाकडी पेटी जाई. तिच्यात साधारण पंधरा ते तीस पुस्तके असत. पेटी गावात यायची, शाळामास्तर किंवा गावातला एखादा होतकरू माणूस ती सांभाळायचा, वाचून झाली की परत जायची आणि दुसरी यायची. आजही ही योजना मला फार शहाणपणाची वाटते. शंभर पुस्तके एकाच कपाटात वर्षानुवर्षे राहिली तर ती शिळी होतात. पंचवीस पुस्तके बदलत राहिली तर गावाला दर खेपेस नवे काहीतरी दिसते. राजधानीच्या ग्रंथालयात स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी स्वतंत्र विभाग होते, आणि मुलांच्या विभागात पुस्तकांच्या जोडीला खेळही ठेवलेले होते. खेळायला आलेला मुलगा पुस्तकाकडे वळेल, न वळला तरी पुन्हा येईल, असा हा हिशेब. गुजराती आणि मराठी या दोन्ही भाषांत मुलांसाठी पुस्तकमाला काढण्याचे कामही संस्थानाने केले.

स्वातंत्र्यानंतर हे काम आपल्या राज्याने कायद्याने हाती घेतले. १९६७ मध्ये महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला आणि अनुदानावर चालणारी हजारो ग्रंथालये गावोगाव उभी राहिली. १९७१ च्या दिवाळीत पाठ्यपुस्तक मंडळाने, म्हणजे आपल्या बालभारतीने, ‘किशोर’ मासिक सुरू केले. पाठ्यपुस्तके काढणाऱ्या संस्थेनेच पाठ्यपुस्तकापलीकडचे वाचन मुलांच्या हाती दिले. त्याआधी १९५२ पासून मद्रासहून निघणारा ‘चांदोबा’ खेड्यापाड्यांत पोहोचला होता. २०१७ च्या मे महिन्यात सातारा जिल्ह्यातले भिलार हे पुस्तकांचे गाव म्हणून नावारूपाला आले. तिथे घरे, देवळे, शाळा अशा २५ ठिकाणी मिळून सुमारे १५,००० पुस्तके मांडली गेली. आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात तर स्पष्ट लिहिले आहे की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, नियतकालिके आणि सर्व विषयांवरची पुस्तके असावीत, गोष्टींची पुस्तकेसुद्धा. शिक्षकबंधुभगिनींनो, ‘गोष्टींची पुस्तके’ हे शब्द कायद्यात आहेत. म्हणजे तुमच्या शाळेत गोष्ट वाचणारा मुलगा काही अवांतर करीत नाही. तो आपला हक्क बजावतो आहे.

मग घोडे अडले कोठे? तिसऱ्या प्रश्नाशी. पुस्तक आहे, पोहोचलेही आहे. ते मोकळे आहे का?

मी महाविद्यालयात शिकवतो. पहिल्या वर्षाला येणारी मुले बहुतेक आसपासच्या खेड्यांतली. ओळख करून घेताना मी त्यांना विचारतो, “अभ्यासाखेरीज शेवटचे पुस्तक कोणते वाचले?” पुष्कळ मुले गप्प बसतात. ती आळशी नाहीत. पहाटे उठून दूध घालून येणारी, बसने वीस-वीस किलोमीटर येणारी पोरे आहेत ती. मी जरा खोदून विचारले की कळते, शाळेत पुस्तके होती, कपाटात. कपाटाला कुलूप होते. किल्ली मुख्याध्यापकांकडे होती.

मुख्याध्यापकांना दोष देणे सोपे आहे. पण त्यांची बाजूही ऐकली पाहिजे. पुस्तकांची नोंद जडसंग्रहाच्या वहीत असते. तपासणीला साहेब आले, दोन पुस्तके कमी भरली, तर जबाब कोणी द्यायचा? या भीतीपोटी पुस्तके नवी कोरी राहतात आणि मुले कोरी राहतात. खरे म्हणजे जीर्ण झालेल्या वस्तूंचे निर्लेखन करण्याची सोय सरकारी कारभारात आहे. वाचून वाचून फाटलेले पुस्तक हे शाळेला भूषण मानले पाहिजे. केंद्रप्रमुखांनी शाळेत गेल्यावर ‘किती पुस्तके शिल्लक आहेत’ याबरोबर ‘किती फाटली’ हेही आनंदाने विचारावे, अशी माझी विनंती आहे.

दुसरे कुलूप आपण मुलाच्या मनाला घालतो. गोष्ट वाचून झाली रे झाली की आपण विचारतो, “यावरून काय बोध घेशील?” विचार करा, जत्रेतून आलेल्या मुलाला कोणी पाळण्याचा सारांश लिहायला सांगते का? या बाबतीत गुजरातचे गिजुभाई बधेका आपले गुरू शोभतील. भावनगरला १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर सुरू केले. आपल्या ताराबाई मोडक तिथेच त्यांच्या सहकारी होत्या आणि पुढे बोर्डी व कोसबाड इथे त्यांनी हे काम ठाणे जिल्ह्यातल्या मुलांपर्यंत नेले. गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकात एक शिक्षक चौथीचा वर्ग मागून घेतो आणि दिवसच्या दिवस फक्त गोष्टी सांगतो. मुले गोष्टींना चटावली की तो पाठ्यपुस्तकांसाठीच्या पैशांतून वर्गासाठी गोष्टींची पुस्तके आणतो. गोष्ट सांगून झाल्यावर तो बोध विचारीत नाही. आधी भूक, मग ताट, असा त्याचा क्रम आहे. आपण ताट वाढतो आणि भूक का नाही म्हणून रागावतो.

आपल्या मुलखातले उदाहरण हवे तर साने गुरुजींचे घ्या. १९२४ ते १९३० ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि छात्रालयाचे काम पाहत. तिथल्या मुलांसाठी ते हाताने लिहून एक दैनिक काढीत. छापखाना नाही, अनुदान नाही, एक माणूस, शाई आणि कागद. सकाळी उठून मुले ते वाचायला येत, कारण ते त्यांच्यासाठी, त्यांच्याच छात्रालयाबद्दल लिहिलेले असे. पुढे १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९३५ मध्ये निघालेले ‘श्यामची आई’ घरोघर गेले. त्याचे मूळ मुलांना रोज काहीतरी सांगण्याच्या या सवयीत आहे, असे म्हटले तर वावगे होऊ नये. ज्या शाळेत फळा आहे त्या शाळेत रोज चार ओळींचे दैनिक निघू शकते.

आता तुम्ही म्हणाल, मुले वाचतात ती भलतेसलते वाचतात, त्याचे काय? ही काळजीही जुनी आहे. आज जे आजोबा आहेत त्यांना विचारा. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, आणि त्या भूगोलाच्या पुस्तकाआड धरून वाचणारी मुले गावोगाव होती. वडीलमंडळींना वाटे, पोरगे वाया गेले. पण त्याच मुलांच्या वाचनाला वेग आला आणि पुढे ती इतर पुस्तकांकडे वळली. भा. रा. भागवतांनी ही भूक नेमकी ओळखली होती. १९५१ मध्ये त्यांनी ‘बालमित्र’ मासिक काढले, ज्यूल व्हर्नच्या साहसकथा मराठीत आणल्या आणि पुढे फुरसुंगीचा बनेश फेणे ऊर्फ फास्टर फेणे उभा केला. त्याची २० पुस्तके झाली. मुलांना साहस हवे ना, मग ते चांगल्या मराठीत देऊ, असा त्यांचा मार्ग होता. मुलाच्या आवडीला नाक मुरडण्यापेक्षा तिच्या शेजारी आणखी चांगले काहीतरी ठेवावे, हे शहाणपण त्यांच्याकडून घेण्यासारखे आहे.

या सगळ्याची आज निकड काय? २०२२ च्या ‘असर’ पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचा उतारा सरळ वाचता आला नाही. शिकवणी वाढवून हे सगळे भरून निघेल असे मला वाटत नाही. पोहणे काठावर बसून येत नाही, तसे वाचन धड्यांवरून येत नाही; पुष्कळ वाचल्यानेच येते, आणि गोडी नसेल तर पुष्कळ कोण वाचील? ज्याला वाचता येत नाही त्याला पुढे सातबारा दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, औषधाच्या बाटलीवरची सूचना दुसऱ्याला विचारावी लागते. मुलींचे तर आणखी अवघड. संध्याकाळी उघडणाऱ्या ग्रंथालयात मुलगा जातो, मुलीला घरचे पाठवत नाहीत. तिच्यासाठी पुस्तकच घरी गेले पाहिजे; बडोद्याची पेटी आज तिच्या दप्तरातून जाऊ शकते.

महाराष्ट्रात २०१५ पासून १५ ऑक्टोबरला, डॉ. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिवशी, ‘वाचन प्रेरणा दिन’ पाळतात. दिवस चांगला आहे. पण वर्षाचे बाकीचे ३६४ दिवसही आपलेच आहेत. त्यासाठी फार मोठी योजना नको. रोज शेवटच्या तासाची दहा मिनिटे शिक्षकांनी एखादी गोष्ट मोठ्याने वाचून दाखवावी आणि ऐन रंगात आली की थांबावे; उरलेली वाचायला मुले स्वतः पुस्तक मागतील. आठवड्यातून एक तास मुलाने हवे ते पुस्तक घ्यावे, आवडले नाही तर अर्ध्यावर परत करावे. त्याला ‘का’ म्हणून विचारू नये. कपाटाची किल्ली सातवीतल्या एखाद्या मुलीकडे द्यावी आणि नोंदवही तिलाच ठेवू द्यावी. जवळच्या दोन-तीन शाळांनी पंचवीस-पंचवीस पुस्तके आपापसांत फिरवावीत. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत एकदा तरी पुस्तकांचा विषय निघावा.

आणि घरच्यांनी काय करावे? ज्यांना वाचता येते त्यांनी मुलांच्या देखत काहीतरी वाचावे. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? हातात मोबाईल धरून आपण मुलाला ‘पुस्तक वाच’ म्हटले, तर तो आपले ऐकणार नाही, आपले पाहून करील. ज्या आईबापांना वाचता येत नाही त्यांनी मुलाला सांगावे, “आज मला वाचून दाखव.” चुलीपुढे बसून ऐकणारी आई हा मुलाला मिळालेला सर्वांत चांगला श्रोता. तो अडखळेल, पुन्हा वाचील, आणि आई हसली की दुसऱ्या दिवशी नवे पुस्तक शोधत येईल.

‘बालबोध’ ते ‘आनंद’ ही मजल आपल्या संपादकांनी २५ वर्षांत मारली. आपल्या शाळांच्या आणि घरांच्या वाट्याला तेवढीच मजल आली आहे. तिची सुरुवात उद्या सकाळी, शाळेतले ते कपाट उघडून करता येईल.